चार्ज घेताना

आमच्या घरात आनंदाची बातमी आली की सगळे आधी माझ्या तोंडाकडे बघतात. हा माणूस आता यात कोणती खोट काढतो, याची वाट बघत. त्या दिवशी संध्याकाळी लेक कॉलेजातून आली, ती एका हातात केकचा खोका आणि दुसऱ्या हातात पत्र घेऊनच.

"बाबा, लॅबचा चार्ज मला मिळाला!"

"अगं बाई, मग दोन तास तरी टिकेल ना?" बायको म्हणाली. "माझा मोबाइल तर तासात उतरतो."

दोघी हसल्या. मी चष्मा शोधायला लागलो. "झालं," बायको म्हणाली, "चष्मा आला म्हणजे शंका आली."

लेक सहा वर्षं त्या कॉलेजात लॅब असिस्टंट होती, तीही हंगामी. दोन महिन्यांत तिच्या नोकरीचा निकाल लागायचा होता. कायम, नाहीतर घरी. त्यामुळे हे पत्र म्हणजे कायम होण्याची पहिली पायरी, असं तिने धरलं होतं. पत्र इंग्रजीत होतं. 'यू आर हिअरबाय डायरेक्टेड टू अस्यूम चार्ज विथ इमिजिएट इफेक्ट.' खाली एक वेलांटी घेतलेली सही आणि सहीखाली 'फॉर कॉम्पिटंट ऑथॉरिटी'.

चौतीस वर्षं मी सरकारी गोदामात स्टोअरकीपर होतो. हे शब्द मला पायातल्या चपलेइतके ओळखीचे. ऑर्डर कधी कोणी देत नाही, ती 'येते'. पॉवर कुणाकडेच नसते. खालच्याला विचारा, वर आहे म्हणतो. वरच्याला विचारा, तोही छताकडे बोट दाखवतो. आणि ही कॉम्पिटंट ऑथॉरिटी! एवढ्या वर्षांत मी तिची खुर्ची पाहिली नाही, डबा पाहिला नाही, ती कधी रजेवर गेल्याचं ऐकलं नाही. सह्या करणारे सगळे 'फॉर'वाले. चार्जचंही तसंच. 'जबाबदारी घे' म्हटलं की माणूस दोनदा विचार करतो. 'चार्ज घे' म्हटलं की केक आणतो.

"लॅबचे जुने हेड कुठे चालले?" मी विचारलं.

"त्यांची बदली झाली. अचानक. उद्या अकरा वाजता रिलीव्ह होतायत."

अचानक. मनात पाल चुकचुकली ती तिथे.

"आणि सामान? मोजून घेतलंस?"

तिने पर्समधून यादी काढली. चार पानं, दोनशे बारा वस्तू, आणि शेवटी छापील ओळ: सर्व वस्तू मोजून बरोबर मिळाल्या. त्याखाली तिच्या सहीसाठी जागा, पेन्सिलीने फुलीसुद्धा करून ठेवलेली. लग्नात नवरीचा हात धरून अंगठी घालतात, तशी सोय.

"बाबा, सगळं रोज डोळ्यांसमोरच असतं. एक मागचं कपाट तेवढं बंद आहे, मायक्रोस्कोपचं. त्याला सील आहे."

"कुणाचं सील?"

"ऑफिशियल सील आहे. दोन वर्षं झाली. ते तोडायला परमिशन लागते. हेड सर म्हणाले, सहीचं काय, फक्त फॉर्मॅलिटी आहे."

केकचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. फॉर्मॅलिटी.

"सही करायची नाही," मी म्हणालो. जरा जोरातच.

"तुम्हाला ना, जो तो चोर दिसतो!" लेकीचा चेहरा उतरला. "सरांनी मला हाताला धरून शिकवलंय. नाही म्हटलं तर वरचे म्हणतील, हिला चार्ज नको असेल तर नोकरी तरी कशाला हवी. मग?"

"आणि सही केलीस आणि कपाटात काही नसलं तर? तेव्हा विचारतील, चार्ज कुणाकडे होता? कायम होणं राहू दे, पोलिसांत जबाब द्यायला जाशील."

"पण असं होतं हे तुम्हाला कसं माहीत?"

"चौतीस वर्षं नोकरी केलीय," मी म्हणालो. ते खरं होतं, उत्तर मात्र नव्हतं. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि केक उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. "बाबा, मी काय पहिलीत आहे?" असं ती फाटकापर्यंत पुटपुटत होती, पण परत जा म्हणाली नाही. लॅबमध्ये स्पिरिटचा वास होता, ओळीने दगडी ओटे, प्रत्येक ओट्याला एक गळका नळ. तिने मला कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसवलं. कशाला हात लावू नका म्हणाली.

हेड आले. माणूस गोड. मला 'साहेब' म्हणाले, माझ्यासाठी चहा सांगितला आणि मग खिशातून पेन काढून टोपण उघडूनच लेकीसमोर धरलं.

"करा मॅडम. फॉर्मॅलिटी उरकून टाकू. माझी गाडी आहे दुपारची."

"सर, ते कपाट उघडून एकदा बघायचं का?"

"अहो, सील आहे ना त्याला! ऑथॉरिटीचं सील. ते तोडलं तर तुम्हीच अडचणीत याल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

लेकीने पेन घेतलं. मी स्टुलावरून उतरायला लागलो. पण ती यादीकडे गेली नाही, कपाटाकडे गेली. दाराच्या फटीवर एक पिवळट कागद डकवला होता आणि त्यावर जांभळा गोल शिक्का. आत इंग्रजी अक्षरं, अर्धी पुसलेली. दोन वर्षं झाडूवाली मावशीसुद्धा त्या कपाटाला अदबीने लांबून वळसा घालत होती. लेक वाकली. ओटा पुसायचं फडकं ओलं करून तिने शिक्क्यावरची धूळ हलक्या हाताने टिपली आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"सर," ती म्हणाली, "यावर 'रिसीव्ह्ड' लिहिलंय."

"काय?"

"रिसीव्ह्ड. आपल्या ऑफिसचा आवकचा शिक्का आहे हा. मी रोज पत्रांवर मारून आणते."

मला हसूही आलं आणि अंगावर काटाही. इंग्रजी आहे, गोल आहे, जांभळं आहे, एवढ्यावर अख्ख्या कॉलेजाने दोन वर्षं मान तुकवली होती. वाचलं मात्र कुणीच नव्हतं. लेकीने नखाने कागद सोलून काढला, यादीला टाचला आणि किल्ली मागितली. हेडनी सगळे खिसे चाचपले. किल्ली पहिल्याच खिशात होती.

यादीत अकरा मायक्रोस्कोप होते. कपाटात अकरा लाकडी खोकी होती, नीट ओळीत. सात खोक्यांत मायक्रोस्कोप निघाले. चार खोक्यांत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, वजनाला बरोबर.

हेड ओट्यावर टेकले. "ओव्हरसाइट," ते म्हणाले. "कुठेतरी नजरचूक झाली असणार. माझ्या आधीपासूनचंच असेल हे. मीसुद्धा असाच चार्ज घेतला होता, सही करून." मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं की खोटं मला अजून ठरवता येत नाही. "साहेब, तुम्ही तरी सांगा. तुमच्या वेळीही असंच चालायचं ना?"

लेक माझ्याकडे बघायला लागली. 'नाही' म्हणणं अगदी सोपं होतं.

"हो," मी म्हणालो. "मी स्वतः चालवलंय."

आणि मग मी सांगितलं. आमच्या गोदामात एक नवा क्लार्क होता, त्याला आम्ही चष्मिस म्हणायचो. माझी बदली झाली तेव्हा सहा पंप यादीत होते आणि जागेवर नव्हते. मी नेले नव्हते, पण ते नाहीत हे मला ठाऊक होतं. मी चष्मिसच्या हातात पेन दिलं. फॉर्मॅलिटी आहे, म्हणालो. त्याच्या आईने ऑफिसभर मिठाई वाटली, पोराला चार्ज मिळाला म्हणून. चार महिन्यांनी त्याच्यावर चार्ज ठेवला. शब्द तोच, फक्त आता तो त्याने घेतला नव्हता, त्याच्यावर लागला होता. तो घरी बसला. मी चौकशीत विचारलं तेवढंच उत्तर दिलं: सही त्याची आहे का? आहे.

हेडनी मान खाली घातली. लेकीने यादीची शेवटची छापील ओळ आडवी रेघ मारून खोडली आणि खाली मराठीत, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं: 'उघडून पाहिले. मायक्रोस्कोप सात मिळाले, चार मिळाले नाहीत. मिळाले तेवढ्याचीच जबाबदारी घेते.' तारीख, वेळ, सही. हेडनाही सही करायला लावली. ती नोकरीत कायम होईल की नाही, ते त्या कागदाने सोपं केलं की अवघड, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

हेड रिलीव्ह न होताच वर ऑफिसात गेले. उरलेल्या वस्तू मोजायच्या होत्या. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, तराजू, भिंगं. मला वाटलं, आता तरी आपला काही उपयोग व्हावा. ती ओट्यांकडचं मोजत होती तोवर मी फळीवरच्या काचेच्या बरण्या मोजल्या. जुना हात आहे, चुकत नाही. दोनदा मोजल्या.

"छत्तीस," मी म्हणालो. "यादीत छत्तीसच आहेत. बरोबर आहे, लिही."

लेकीने पेन यादीवर टेकवलं. मग उचललं. माझ्याकडे न बघता ती फळीपाशी आली, पहिल्या बरणीवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात सुरू केलं, "एक... दोन... तीन..."

मी बाजूला सरकून तिला जागा करून दिली.