रुग्णाच्या दारापर्यंत जाणारी गाडी

मित्रांनो, रुग्णालयाच्या मागच्या अंगणात, ऑक्सिजनच्या रिकाम्या नळकांड्यांशेजारी जी पांढरी गाडी उभी दिसते ना, ती मी. माझी चाके आता मातीत रुतली आहेत. पण अकरा वर्षे मी निवासी डॉक्टरांना रुग्णांच्या घरी नेत होते.

खरे तर मी रुग्णवाहिका होणार होते. ऐनवेळी माझ्यातला स्ट्रेचर काढून दोन लांब बाके बसवली. ही करामत बाईंची. बाई म्हणजे या डॉक्टरांना शिकवणाऱ्या प्राध्यापिका. त्या म्हणायच्या, "वॉर्डात माणूस आठ दिवस असतो. उरलेलं वर्ष कुठे असतो, ते बघायला चला." डॉक्टर कुरकुरत चढायचे आणि मी निघायच्या आधीच पेंगायला लागायचे.

त्यांच्यातल्या एकाला सगळे 'तुफान' म्हणायचे, कारण तो बोलायचासुद्धा धावत. एका सकाळी बाईंनी त्याला त्याच्याच रुग्णाकडे नेले. ती शिलाई कारखान्यात काम करणारी एक मावशी होती. तिला मधुमेह होता. चार महिन्यांत ती तीनदा दाखल झाली होती आणि तिच्या कागदावर तुफानने लिहिले होते, 'औषधे नीट घेत नाही.'

गल्ली अरुंद, म्हणून मी कोपऱ्यावर थांबले. अर्ध्या तासाने सगळे मावशीलाच घेऊन आले. तिला कामावर उशीर होत होता.

"मावशी, इन्सुलिन खिडकीत का ठेवता? उन्हानं खराब होतं ते," तुफान म्हणाला.

"मग कुठे ठेवू बाळा? फ्रीज दिसला का तुला? त्या पत्र्याखाली त्यातल्या त्यात गार जागा तीच."

"आणि सकाळचं इंजेक्शन चुकवता ते?"

मावशी हसली. "ते घेतलं की दोन-तीन तासांत काहीतरी खावं लागतं. मशीनवरून उठलं की मुकादम नाव लिहितो. उपाशी बसले तर डोळ्यांपुढे अंधारी येते. मागे एकदा मशीनची सुई बोटातून आरपार गेली. म्हणून तुमची सुई टाळते."

"हे वॉर्डात का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? तू तर ओरडलास."

कारखान्याच्या फाटकाशी मावशी उतरली आणि धावतच आत गेली.

त्याच आठवड्यात तुफानने मावशीच्या इन्सुलिनसाठी जवळच्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये जागा मिळवली. मग कारखान्याला पत्र लिहिले: या महिलेला मधुमेह आहे, खाण्यासाठी रोज दहा मिनिटांची सुट्टी द्यावी. बाईंनी खाली सही केली. आपण काहीतरी केले, असे वाटून तो त्या दिवशी माझ्या टपावर ताल धरून गात होता.

कारखान्याने उत्तर दिले नाही. आजारी बाई नको, म्हणून मावशीला कामावरून काढून टाकले.

पगार थांबला, तशी पायाला झालेली जखम तिने अंगावरच काढली. तीन महिन्यांनी ती रुग्णालयात आली तेव्हा तिचा पाय काळा पडला होता. पाय कापला. विष तरीही अंगभर पसरले. पाचव्या दिवशी मावशी गेली.

तुफान माझ्यात येऊन बसला. "बाई, मी पत्र लिहायला नको होतं का?"

बाई शेजारच्या बाकावर होत्या. त्यांनी माझ्या खिडकीची काच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

पुढे बाई निवृत्त झाल्या. गृहभेटी वेळापत्रकातून गेल्या आणि त्यांच्या जागी 'गरिबी आणि आरोग्य' हे तासाभराचे व्याख्यान आले. त्याला हजेरी पूर्ण असते म्हणे. माझ्यात आता मोडक्या खुर्च्या कोंबल्या आहेत. तुफान इथेच प्राध्यापक झाला. रोज माझ्यासमोरून जातो.

आज सकाळी त्याची विद्यार्थिनी माझ्याजवळच त्याला म्हणाली, "सर, बारा नंबरच्या खाटेवरच्या आजी औषधं घेतच नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन येऊ का?"

तो थांबला. त्याचा हात माझ्या दारावर टेकला. मला वाटले, आता तो हो म्हणेल.

"नको," तो हळूच म्हणाला. "बघून येशील, आणि मग झोप लागणार नाही. उद्या सकाळी घरी सोडा त्यांना."

मित्रांनो, मी लोखंड आहे, गंजणारच. मला रंग देऊ नका, दुरुस्त करू नका. पण तुमच्यापैकी कुणी त्या वॉर्डात जाणार असेल, तर आजच जा. आजी अजून तिथेच आहेत. त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसा आणि विचारा, "आजी, घरी कोण असतं?" उद्या सकाळी त्यांची खाट रिकामी होईल.