खालच्या कोपऱ्याला ऊन

आरे गावच्या चिंतामणीनानांचं आगर इतकं दाट होतं, की भर दुपारी आत शिरलं तरी क्षणभर डोळ्यांपुढे अंधारच यायचा. पोफळी, माड, मधूनमधून केळी आणि खाली रहाटाच्या पाटाचं बारमाही पाणी. ऊन जमिनीला शिवत नाही, याचाच नानांना मोठा अभिमान. पाहुण्याला आत नेऊन म्हणत, "बघा, छत्री लागायची नाही!" निवृत्त हेडमास्तर, आगराचंसुद्धा कौतुक वर्गात पहिला आलेल्या मुलासारखं करायचे.

एकोणीसशे एकतीसच्या पौषात त्याच सावलीत त्यांनी गोदाला पकडलं.

गोदा म्हणजे गावातल्याच सोनूबाईची सून. वय चोवीस-पंचवीस, नवरा केरू मुंबईला गिरणीत. चार वर्षं ती नानांकडे पडलेली सुपारी वेचायला येत होती. पण अलीकडे तिचं काम निम्म्यावर आलं होतं. चार पावलं टाकली की धाप, मग बुंध्याला टेकून बसायचं. तोंड पांढरंफटक. त्या दिवशी ती पोफळीच्या आळ्यातली ओली माती बोटानं खरवडून चक्क तोंडात घालत होती.

नानांनी तिला पुढं घालून खळ्यात आणलं. तिथं आठ-दहा बायका सुपारी सोलत बसल्या होत्या.

"तोंड उघड," नाना म्हणाले.

तिनं उघडलं. जिभेवर माती.

"बघा गो बायांनो! मी समजत होतो हिला मजुरी काम करायची देतो. ही तर माती खायची मजुरी घेते!"

बायका हसल्या. ज्यांना हसू आलं नव्हतं त्याही हसल्या, कारण नाना हसवायलाच बोलले होते. आणि विनोद साधला म्हणून नानांना बरंही वाटलं, खोटं कशाला सांगा! गोदा पदरानं जीभ पुसत उभी राहिली. उद्यापासून येऊ नकोस, असं सांगून नाना जेवायला गेले.

चार दिवसांत गावानं तिचं नाव मातखाई ठेवलं. पाचव्या दिवशी सोनूबाई कागद घेऊन आली. "नाना, तिला म्हायेरी हेदवीला धाडली. लोक म्हनतात तिच्या आंगात कायतरी शिरलंय. केरूला चार अक्षरं लिवून द्या." नानांनी लिहून दिली, अगदी वळणदार अक्षरात. 'तुझी पत्नी कामचुकार असून तिला मृत्तिकाभक्षणाची सवय जडली आहे.' मृत्तिकाभक्षण हा शब्द लिहून झाल्यावर त्यांनी तो स्वतःशीच एकदा वाचूनही पाहिला.

पंधरवड्यानं पुतण्या आला. गोपाळकृष्ण रत्नागिरीला डॉक्टरकी करायचा. बरोबर सूक्ष्मदर्शक यंत्राची लाकडी पेटी होती. जेवताना नानांनी गोदाची गोष्ट रंगवून सांगितली. गोपाळ हसला नाही.

"नाना, माती खाते म्हणून ती आजारी नाही. आजारी आहे म्हणून माती खाते. अंगातलं रक्त आटलं की काहींना मातीची ओढ लागते. तिच्या पायांना चिखल्या होत्या?"

"आगरात राबणाऱ्या सगळ्यांनाच असतात."

गोपाळनं भात तसाच ठेवून हात धुतला.

दुसऱ्या दिवशी तो आगरभर हिंडला आणि खालच्या कोपऱ्यातली माती घेऊन आला. खालचा कोपरा म्हणजे काय, हे त्या घरात कुणी उच्चारत नसे. पहाटे तांब्या उचलणारा माणूस 'परसाकडे जाऊन येतो' एवढंच म्हणायचा. घरची चौदा माणसं, आणि त्यांच्या आधी त्यांचे आईबाप, आजेपणजे, सगळी तिथंच परसाकडे जात आली होती. दाट सावली, भरपूर आडोसा आणि हाताशी पाट. तोच पाट पुढं सगळ्या आळ्यांतून फिरायचा.

गोपाळनं ती माती दोन परळांत, म्हणजे पसरट मातीच्या ताटल्यांत घातली. एक परळ अंगणात रणरणत्या उन्हात पसरून ठेवला, दुसरा ओला करून पडवीत सावलीला. संध्याकाळी त्यानं सावलीतल्या मातीचं पाणी काचेवर घेऊन नानांना यंत्राला डोळा लावायला सांगितलं. केसाहून बारीक अळ्या नुसत्या वळवळत होत्या. उन्हातल्या मातीत एकही हलत नव्हती.

"तळव्यातून शिरतात. चिखल्या म्हणतो ना, ती त्यांची वाट. मग आतड्याला चिकटून रक्त पितात."

"या मजुरांना कुठं बसावं एवढंही कळत नाही," नाना चिडून म्हणाले. "सगळं आगर घाण करून ठेवलं!"

"मजूर सड्यावर जातात, नाना. उघड्या जांभ्यावर. तिथल्या उन्हात या अळ्या दिवसभरसुद्धा टिकायच्या नाहीत. तुमच्या सावलीत महिना महिना सुखानं नांदतात."

"मग इथं आल्या कुठून?"

गोपाळ थोडा वेळ यंत्राची काच पुसत राहिला. मग त्यानं घरातल्या मोठ्या माणसांसाठी डब्या मागितल्या आणि उद्या सकाळी त्यांत काय आणून द्यायचं ते सांगितलं. नाना भडकले, मोठ्यानं बोलले, बसायचा पाट आपटून उठले. सकाळी मात्र त्यांनी डबी आणून दिली.

"त्याच किड्यांची अंडी आहेत," दुपारी गोपाळ हळूच म्हणाला. "काकूंच्यात आहेत. तुमच्यात सगळ्यांत जास्त."

"मला तर काही होत नाही!"

"दूधतूप खाता, त्यात भागतं. पायात वहाणा असतात, सोवळ्यात तेवढ्या काढता. गोदा अनवाणी, अर्धपोटी, दिवसभर त्याच ओलीत."

नाना ओटीवर जाऊन बसले. विहिरीच्या दोराला मजुराचा हात लागला तर दोर धुऊन घेणारा माणूस. जन्मभर त्यांनी लोकांचा विटाळ टाळला. आणि त्यांच्याच पोटातली घाण त्या पोरीच्या तळव्यातून आत शिरून तिचं रक्त पीत होती. गावानं तिला मातखाई म्हटलं, पण खरी माती खाल्ली होती हेडमास्तरांनी, तीही भर खळ्यात, बायकांना हसवून. त्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्या दिवशी त्यांनी दोनदा अंघोळ केली. त्यानं काही फरक पडला नाही.

घरच्या सगळ्यांना औषध देऊन गोपाळ गोदाला औषध द्यायला हेदवीला गेला. जाताना म्हणाला, "रक्त भरून येईल, नाना. केरूला गेलेलं पत्र मला परत आणता यायचं नाही."

नानांनी खालच्या कोपऱ्यातल्या वीस पोफळी तोडायला लावल्या. जमिनीला ऊन लागलं. गड्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी पोफळींवर कोळेरोग पडल्याचं सांगितलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण बाहेर कोळेरोगच आला.

आठवड्यानं सोनूबाई केरूचं उत्तर वाचून घ्यायला आली. वाचणार कोण? नानाच. 'नानांनी लिहिलंन म्हणजे खोटं नसेल. तिला तिकडंच ठेव. शिमग्याला येईन तेव्हा दुसरं लगीन बघू.'

नानांनी पत्र खाली ठेवलं. त्यांनी सोनूबाईला सगळं सांगितलं. कोपरा, अळ्या, अंडी. शेवटी म्हणाले, "तुझ्या सुनेचा काही दोष नाही. माझ्या घाणीनं ती आजारी पडली. मी आजच केरूला दुसरं पत्र लिहितो."

सोनूबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि जमिनीवर डोकं टेकलं. "नाना, तुमी देवमानूस! गरिबाच्या सुनेची लाज झाकाया सगळं आपल्या माथ्यावर घेताय!"

"अगो, खरं सांगतोय मी!"

"व्हय, व्हय. तुमीच असं बोलावं."

संध्याकाळपर्यंत गावात नानांच्या मोठ्या मनाचं कौतुक सुरू झालं. देवळाशी दोघांनी त्यांना वाकून नमस्कार केला. शिव्या खायची नानांनी तयारी केली होती; ही स्तुती मात्र अंगावर खाजकुयलीसारखी चढली. आणि गोदा हेदवीला मातखाईच राहिली.

दुसऱ्या दिवशी नाना पहाटे उठले, पण ऊन चढेपर्यंत थांबले. मग तांब्या घेऊन पुढच्या दारानं निघाले. घाटी चढून सड्यावर आले. आडोसा म्हणून गुडघाभर झुडूपसुद्धा नव्हतं. गवताचे भारे घेऊन पाच-सहा बायका समोरून येत होत्या. तांब्या दिसताच त्यांनी रीतीप्रमाणं तोंडं फिरवली. कोण आहे ते कळल्यावर मात्र पुन्हा वळून बघितलं. त्यांत सोनूबाई होती.

"नाना? तुमी? हितं?"

नानांचे कान तापले. तांब्या पंच्याआड लपवावासा वाटला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"खालच्या कोपऱ्यात मी आता बसत नाही. तिथं माझे किडे आहेत. ते उन्हात मरतात, म्हणून इथं आलो. तुम्ही येता तसा. आता रोज येणार."

सोनूबाईनं डोक्यावरचा भारा खाली टाकला. ती आज वाकली नाही. तिनं सरळ त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"म्हंजे माझ्या सुनेनं चार वर्सं तुमचा गू तुडवलान?"

"हो."

"आनि मी तिला घालवली."

नानांना मान खाली घालायची होती, पण तिची नजर सुटेना.

"मी उद्या जयगडच्या तरीनं हेदवीला जात्ये तिला आनाया," सोनूबाई म्हणाली. "तुमी बरोबर चला. तिच्या आईबापासमोर ह्येच बोला. ह्याच शब्दांत."

"येतो."

"मंग आदी बसून घ्या," असं म्हणून ती पाठ करून उभी राहिली.