चौथ्यांदा पुसताना

तुम्ही खोटं बोललात. तुम्हीच चौकशीला बोलावलेला तिचा भाऊ तुमच्या इमारतीत आलाच नाही, असं तोंड वर करून सांगितलंत. वर तिलाच विचारलंत, "घरात भांडण झालं होतं का?"

आणि मग तुमच्या कॅमेऱ्यांच्या जुन्या हार्ड डिस्क नष्ट करायला नेमक्या ती काम करते त्याच कारखान्यात धाडल्यात. सोबत तुमचा माणूस, डोळ्यांदेखत चुरा होतोय ना ते बघायला. तिथली पद्धत ठरलेली: डिस्क तीनदा पुसायची, दर वेळी पडद्यावर तपासायची, मगच चुरा करणाऱ्या यंत्रात टाकायची. पुसल्यावर पडद्यावर काही म्हणता काही दिसता कामा नये.

एका डिस्कवर दिसलं. व्हरांडा, बाकडं, आणि बाकड्यावर पाठमोरा बारक्या, तिचा भाऊ. कॉलर आत दुमडलेली, नेहमीसारखी.

"मुकादम, ही पुसली गेली नाही."

मुकादमाने आकडे पाहिले. "कोरी करकरीत आहे गं. चष्मा बदल."

"मग हा कोण बसलाय?"

मुकादमाने पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःचाच चष्मा काढून पुसला.

तिने पुन्हा पुसली. बारक्या उभा राहिला होता. तिसऱ्यांदा पुसली, तर तो टोकाच्या बंद दारासमोर, मान वळवून थेट तिच्याकडे बघत होता. जितकं पुसावं, तितका तो पुढे सरकत होता. दारापलीकडे कोण आहे ते बघायचं, तर त्याला आणखी एकदा पुसायला हवं.

"तीनदा झालं ना? टाका आत," तुमचा माणूस खेकसला.

"साहेब, यंत्र काय पळून जातंय?" मुकादम म्हणाला.

तिने चौथ्यांदा कळ दाबली. तुमच्या माणसाने झडप घालून डिस्कची वायर उपटली. पडदा मात्र विझला नाही. दार उघडलं होतं. ते धरून तुमचा हाच माणूस उभा होता, याच जाकिटात. दुसरा हात बारक्याच्या मानगुटीवर. सगळं चित्र गोठलेलं, फक्त बारक्याचे ओठ हलत होते. ताई, ताई.

तुमचा माणूस मागे सरकला. मुकादम त्याची वाट अडवून उभा राहिला.

वायर उपटलेली डिस्क तिने छातीशी धरली. ती अजून घरघरत होती.

"आत नेलंत ना त्याला?" ती म्हणाली. "पुढे काय केलंत? कुठे आहे माझा भाऊ? बोला!"