घरची गाडी

पन्नाशी उलटली तरी ताई त्याला ‘ढब्बू’च म्हणायची. लहानपणी तो खरोखरच ढब्बू होता. पुढे अंगावरचं मांस उतरलं, पट्ट्याला जादा भोकं पाडावी लागली, पण नाव काही उतरलं नाही. वाहनांच्या संग्रहालयात मात्र तो ‘साहेब’ होता. जुन्या मोटारींचा विभाग त्याच्याकडे होता आणि साहेब कुणाची भीडभाड ठेवत नाहीत, असा तिथे त्याचा लौकिक होता. हा लौकिक त्याला आवडायचा. जरा जास्तच आवडायचा.

मोटारींचं वेड त्याला लागलं ते भावोजींमुळे. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो शाळेत होता आणि ताईचं नुकतंच लग्न झालेलं. भावोजी दातांचे डॉक्टर. बोलायचे कमी, आणि बोलले तरी समोरच्याचं तोंड उघडं असल्यासारखे, उत्तराची वाट न बघता. ‘हा आता इथेच राहील,’ एवढं म्हणून त्यांनी मेहुण्याची पेटी आत नेऊन ठेवली आणि विषय संपवला. त्यांच्याकडे एक अमेरिकन मोटार होती, स्टुडबेकर, त्रेपन्न सालची, दोन दारांची, फिक्कट हिरवी. दर सुट्टीला ते ती धुवायचे आणि ढब्बू पाण्याची नळी धरायचा. तिचं नाक कसं खाली झुकतं, छप्पर कसं मागे घसरत जातं, दोन खिडक्यांच्या मध्ये खांबच कसा नाही, हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. फडका फिरवता फिरवता ते त्याच्या हातात उतरलं होतं.

यंदा संग्रहालयाच्या संचालिकाबाईंनी दर्शनी दालन नव्याने करायला घेतलं. मधोमध एक फिरता चौथरा, वरून दिवे, आणि चौथऱ्यावर एकच गाडी. जुन्या अमेरिकन गाड्यांतली सर्वांत देखणी. निवड करायला तिघंजण : बाई, कला महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक चित्रकार, आणि ढब्बू. ज्यांच्याकडे अशा गाड्या होत्या त्यांनी त्या कायमच्या संग्रहालयाला द्यायच्या, असं ठरलं होतं. पुष्कळ गाड्या आल्या, पुष्कळ गळल्या.

स्टुडबेकरचं नाव ढब्बूने काढलंच नव्हतं. भावोजी एकदा त्याला न्यायला संग्रहालयाच्या फाटकाशी आले होते, तेव्हा बाईंनी ती गाडी पाहिली होती. त्यांनीच विचारलं, ‘‘ती हिरवी तुमच्या नात्यातल्या कुणाची ना? विचारून तर बघा.’’

विचारलं, तर ताईला आभाळ ठेंगणं झालं. भावोजींचे हात अलीकडे थरथरायला लागले होते आणि गाडी चालवणं जवळजवळ बंद झालं होतं. मूलबाळ नव्हतं. ‘‘आमच्यामागे ती भंगारात जाण्यापेक्षा तुझ्या डोळ्यांसमोर राहील,’’ ताई म्हणाली. ‘‘यांना तर काय, झोपेतसुद्धा चौथरा फिरताना दिसतोय.’’

‘‘काहीतरीच,’’ भावोजी म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

आणि इथेच ढब्बूच्या मनात किडा वळवळला. संग्रहालयाच्या कोठारावरचा माणूस चहा पिता पिता हसत म्हणाला होता, ‘‘काय साहेब, घरची गाडी, घरचाच चौथरा!’’ त्याने ते सहज म्हटलं होतं. ढब्बूच्या डोक्यात मात्र ते घर करून बसलं. आता जो तो आपल्याकडे त्याच नजरेने बघतोय, असं त्याला वाटू लागलं.

शेवटी तीन गाड्या उरल्या आणि तिघं त्या बघायला निघाले. पहिली ब्युइक, पुढच्या जाळीला जाड चकचकीत दात असलेली. भावोजी तसली गाडी रस्त्यात दिसली की म्हणायचे, ‘‘कवळी चांगली बसवलीय, पण माप चुकलं.’’ दुसरी एका हॉटेलमालकाची कॅडिलॅक, एकोणसाठ सालची, पांढरीशुभ्र. मागे माशासारखे दोन उंच पंख आणि पंखांत लाल दिव्यांच्या जोड्या. तिच्यापुढे उभं राहिलं की माणूस आपोआप खिशातून फोन काढायचा.

मग ताईचं घर. भावोजींनी गाडी शेडबाहेर काढून उन्हात उभी केली होती. ताई ठेवणीतल्या कपबशा घेऊन दारात. ढब्बू पुढे झाला आणि म्हणाला, ‘‘हे डॉक्टरसाहेब. गाडी यांची.’’

डॉक्टरसाहेब! आजवर त्याने भावोजींना असं कधी म्हटलं नव्हतं. ताईने चमकून पाहिलं. भावोजी मात्र पुढे होऊन चित्रकारांचा हात हातात घेत म्हणाले, ‘‘या, या. उन्हात बघा, सावलीत हिचा रंग कळत नाही.’’

चित्रकार गाडीभोवती फिरले, मग लांब जाऊन पायरीवर बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. त्यांचा चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत तिघं बसले. चित्रकारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘मला विचाराल, तर वाद घालण्यासारखं काही उरलंच नाही. कॅडिलॅकला बघा-बघा म्हणावं लागतं. त्या हिरवीला काही म्हणावं लागत नाही.’’

‘‘माझंही तेच,’’ बाई म्हणाल्या. ‘‘साहेब, तुम्ही बोला.’’

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी झालं असतं. ‘घरची गाडी आहे, मी मत देत नाही,’ म्हटलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण ढब्बूने घसा खाकरला.

‘‘नातं बाजूला ठेवून बोलतो. गाडी देखणी आहे, पण निर्दोष नाही. डाव्या बाजूचं मागचं मडगार्ड मूळचं राहिलेलं नाही. आत पोचा आहे, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग दिलाय. वरवर कळत नाही, पण चौथऱ्यावर दिव्याखाली कळेल. आणि लोकांना आत खेचणारी गाडी म्हणाल, तर ती कॅडिलॅकच.’’

बोलताना त्याला एक प्रकारचा ताठा चढला होता. आपण किती निःस्पृह आहोत, हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं.

‘‘कमाल आहे तुमची,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बहिणीच्या गाडीचा दोष स्वतः सांगताय?’’

‘‘इथे बहीणभाऊ नसतात, बाई.’’

चित्रकारांनी थोडी कुरकुर केली. पण मोटारींतला जाणकारच असं म्हणतोय म्हटल्यावर ते तरी काय करणार? कॅडिलॅक ठरली.

तो पोचा कुणी पाडला होता, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. ढब्बू कॉलेजात असताना गाडी शिकत होता आणि मागे घेताना त्याने ती फाटकाच्या खांबावर घातली होती. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. भावोजींनी खाली उतरून पाहिलं आणि घरात जाऊन ताईला सांगितलं, ‘‘अगं, माझ्या हातून खांबाला लागली.’’ वर ताईची बोलणीही खाल्ली. पुढे त्यावर ते एक अक्षर बोलले नाहीत.

संध्याकाळी ढब्बू ताईकडे गेला. जाताना वाटेत त्याने खरं सांगायचं ठरवलं होतं. पण दार उघडताच ताईचा चेहरा दिसला आणि जीभ आपोआप वळली.

‘‘नाही झालं, ताई. मी खूप भांडलो गं. दोघं ऐकायलाच तयार नाहीत. त्यांना झगमगाट पाहिजे.’’

ताई उसळलीच. ‘‘डोळे फुटलेत का मेल्यांचे? तो चित्रकार तर इथे समाधी लावून बसला होता! आणि ती बाई, माझा चहा पिऊन गेली!’’

भावोजींनी ढब्बूच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘तू मनाला लावून घेऊ नकोस. आमच्यापायी वरिष्ठांशी वाकडं घेतलंस, तेच जास्त झालं.’’

तो हात पाठीवर थरथरत होता. ढब्बूने अर्धा कप तसाच खाली ठेवला. ताईला वाटलं, किती लागलंय याच्या मनाला. तिने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

दालनाच्या उद्‌घाटनाला त्या दोघांनी येऊ नये असं त्याला फार वाटत होतं. पण भावोजी म्हणाले, ‘‘आपली नाही म्हणून काय झालं? पोराचं काम आहे, बघायला जायलाच हवं.’’ ते कडक इस्त्रीचा कोट घालून आले. पांढरी कॅडिलॅक दिव्याखाली संथ फिरत होती, लोक फोन उंचावून उभे होते. भावोजींनी मान वाकडी करून तिचे पंख पाहिले आणि म्हणाले, ‘‘काम सफाईचं आहे हं.’’

तेवढ्यात संचालिकाबाई आल्या. चांगल्या मनाची बाई. त्यांनी ताईचे दोन्ही हात धरले.

‘‘तुम्ही आलात, बरं वाटलं. खरं सांगू? आम्हा दोघांना तुमचीच गाडी हवी होती. ठरल्यातच जमा होतं. पण तुमचा भाऊ म्हणजे हरिश्चंद्र हो! त्या मडगार्डातली लांबीसुद्धा त्याने स्वतःहून सांगितली. ‘इथे बहीणभाऊ नसतात’ म्हणाला. अशी माणसं आता कुठे मिळतात?’’

ढब्बू दोन पावलांवर उभा होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते त्या क्षणी त्याला शब्दशः हवं होतं. ताईचं तोंड उघडंच राहिलं. ती काही बोलणार, तोच भावोजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘हो तर,’’ ते बाईंना म्हणाले, ‘‘त्याने त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं आम्हाला. लांबीचं लपवू नकोस, असं मीच बजावलं होतं. माझ्याच हातून लागली होती ना ती खांबाला.’’

‘‘धन्य आहे तुमच्या घराची!’’ बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळल्या.

ताईने नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. रागावली असती, चारचौघांत थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. तिने फक्त पर्स काखेत घेतली आणि म्हणाली, ‘‘चला. फार गर्दी आहे इथे.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यांच्या घरी गेला. दार ताईने उघडलं. ‘‘मागे आहेत,’’ एवढं म्हणून ती आत गेली. ये नाही, बस नाही.

भावोजी शेडमध्ये स्टुलावर बसून चाकाची हबकॅप पुसत होते. ढब्बू समोर उभा राहिला. रात्रभर जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

‘‘भावोजी, ते लांबीचं मी बोलायला नको होतं.’’

‘‘का? लांबी आहे. आहे ते आहे म्हणालास, त्यात काय?’’ हबकॅप उलटी करून त्यांनी आतला गंज पाहिला. ‘‘पण भांडलो म्हणून इथे येऊन सांगितलंस, ते कशाला? ती रोज त्या दोघांच्या नावाने बोटं मोडायची रे. त्यांचा काही दोष नसताना.’’

‘‘तुम्ही मला काल सांभाळून का घेतलंत?’’

‘‘तुला नाही,’’ भावोजी शांतपणे म्हणाले. ‘‘तिला घेतलं. परक्या बाईला कळावं, की हिच्या हातावर वाढलेला भाऊ हिच्याशीच खोटं बोलला? ते मला बघवलं नसतं.’’

 भावोजींनी फडका झटकला.

‘‘एक सांग. समिती-बिमिती राहू दे. तुला स्वतःला कोणती देखणी वाटली?’’

‘‘आपली.’’

‘‘पहिल्यापासून?’’

‘‘पहिल्यापासून.’’

‘‘मग लोक काय म्हणतील याला एवढा घाबरलास?’’

त्याने होकाराची मान हलवली. भावोजींनी दुसरी हबकॅप घेतली. बोलणं संपलं होतं.

तिथून तो थेट संचालिकाबाईंच्या खोलीत गेला. उभ्याउभ्याच म्हणाला, ‘‘बाई, त्या दिवशी मी खरं मत सांगितलं नाही. स्टुडबेकरच सर्वांत देखणी होती. लांबी हाताएवढ्या जागेत आहे, तिने काही बिघडत नव्हतं. नातेवाइकांची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तसं बोललो.’’

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू विरलं आणि तिथे एक समजूतदार हसू आलं. ते जास्त वाईट होतं.

‘‘घरी काही बोलणं झालं का? बहिणीला वाईट वाटणं साहजिक आहे, साहेब. पण आता तुम्ही शब्द फिरवलात म्हणून चौथरा रिकामा थोडाच करता येईल?’’

ज्या आरोपाला भिऊन त्याने सगळं केलं होतं, तो आता आपल्या पायांनी चालत त्याच्यापुढे आला होता. 

‘‘बदला म्हणत नाही, बाई. फक्त तुम्हाला माहीत असावं.’’

पुढे संग्रहालयात कुजबुज झाली, बहिणीने कान पिरगाळल्यावर साहेबांना सौंदर्य दिसलं म्हणून. त्याने ती ऐकून घेतली. चित्रकारांना मात्र त्याने घरी जाऊन सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘‘माझी बघण्याची नजर गेली असं मला वाटलं होतं हो. तुमच्यामुळे.’’ बाकी सगळ्यांपेक्षा ते वाक्य त्याला जास्त दिवस पुरलं.

ताईचा फोन येईना. याने केला की भावोजी उचलायचे आणि हवापाण्याचं बोलून ठेवायचे. असे कितीतरी आठवडे गेले. मग एका संध्याकाळी तिचाच फोन आला. आवाज कोरडा ठणठणीत.

‘‘उद्या यांना हातांसाठी मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचंय. टॅक्सी नको म्हणतात, गाडीच हवी म्हणतात. येशील का?’’

तो सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी जाऊन फाटकाशी ताटकळत राहिला. भावोजी पुढे बसले, ताई मागे. गाडी रस्त्याला लागली. चौकात शेजारच्या रिक्षावाल्याने स्टुडबेकरकडे बघून शीळ घातली. कुणीच हसलं नाही. चौक ओलांडला तसा मागून आवाज आला.

‘‘मी विसरलेले नाही हं, ढब्बू.’’

‘‘माहीत आहे, ताई.’’

‘‘आणि एवढ्यात विसरणारही नाहीये.’’

‘‘अगं, आता गाडीत कशाला?’’ भावोजी म्हणाले.

‘‘मग कुठे? घरात आला की मान खाली घालून बसेल. इथे निदान मान वर ठेवावी लागते त्याला.’’ ती पुढे वाकली. ‘‘आरशात माझ्याकडे काय बघतोस? समोर बघ. डावीकडे वळायचंय.’’

ढब्बूने समोर बघितलं आणि गाडी डावीकडे घेतली.