चौसष्टावी रेघ

मित्रांनो, जिन्याखाली चाकांवर उभा असलेला तो जुना फळा म्हणजे मी. सुताराने मला सागाच्या चौकटीत बसवले, रंगाऱ्याने काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि मी विद्यापीठात आलो.

पुष्कळ वर्षे मी फक्त गणित पाहिले. मग एकदा गणिताचे सर, समाजशास्त्राच्या बाई आणि भूगोलाचे सर एकाच खोलीत बसू लागले. जवळच्या वस्तीची दर महिन्याला सभा भरे. तिथे पाण्याचे, रस्त्याचे निर्णय होत. त्या सभेला लोक का येत नाहीत, हे तिघांना शोधायचे होते. पहिले सहा महिने एकाचा पायपोस एकाच्या पायात नव्हता. गणिताच्या सरांना आकडे हवे होते, बाईंना माणसे, आणि भूगोलवाले आल्या आल्या नकाशा काढायला घेत. तरी भांडता भांडता ते एकमेकांची भाषा शिकले. एवढी हुशार माणसे माझ्या अंगावर विचार करतात, याचे मला केवढे अप्रूप वाटे!

रोज सकाळी सफाईच्या मावशी मला ओल्या फडक्याने पुसत. फक्त एक चौकोन त्या सोडून देत. त्यावर 'पुसू नये' असे लिहिले होते. आत गणिताच्या सरांचे लाडके सूत्र होते. दोन वर्षांत दर सभेच्या सहीच्या कागदावर माणसे चाळीसच, एक कमी नाही की जास्त नाही. लोकांना रस नाही, असा निष्कर्ष निघाला. अहवाल गेला की नगरपालिका ती सभा बंद करणार होती.

अहवाल पाठवायच्या दिवशी तिघे शेवटची उजळणी करत होते. मावशी फडके पिळता पिळता थांबल्या.

"सर, तिथे खुर्च्याच चाळीस आहेत," त्या म्हणाल्या. "सहीचा कागद खुर्च्यांवरून फिरतो. कामावरून येणारे आम्ही मागे उभे असतो."

तिघेही सभेला जात, पण त्यांना मानाने पहिल्या रांगेत बसवले जाई. मागे वळून कोणी पाहिलेच नव्हते.

सरांनी मावशींच्या हातात खडू दिला. इतकी वर्षे मला पुसणारा तो हात पहिल्यांदाच माझ्यावर काही काढणार होता. मागच्या सभेला उभी असलेली माणसे आठवून त्या एकेक रेघ ओढू लागल्या. नर्स, वॉचमन, दोघी शिवणवाल्या, इस्त्रीवाला आणि त्याचा भाऊ... त्रेसष्ट रेघा झाल्या.

मग सरांनी फडके मागितले. मावशी म्हणाल्या, मी पुसते.

"नको. माझं मी पुसतो."

चौकोनातली दोन वर्षांची मेहनत त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली. त्याहून मोठे काही मी आजवर पाहिलेले नाही.

बाई रेघा पाहत होत्या. त्यांनी हळूच विचारले, "मावशी, यात तुम्ही कुठे आहात?"

मावशी स्वतःला मोजायलाच विसरल्या होत्या. त्या ओशाळून हसल्या आणि त्यांनी चौसष्टावी रेघ ओढली.

अहवाल नव्याने लिहिला गेला, सभा टिकली. आता सहीचा कागद मागच्या भिंतीपासून सुरू होतो. खोलीत चकचकीत स्क्रीन आला आणि मी जिन्याखाली. माझ्यावर आता नोटिसा चिकटवतात. मित्रांनो, खुशाल चिकटवा. पण खाली उजवीकडे अजून काही पुसट रेघा आहेत. त्यांतल्या शेवटच्या रेघेवर तेवढी चिकटपट्टी लावू नका.