काशीत सोडलेलं जांभूळ

“जीभ दाखव गं, माय,” बद्रीनाथ म्हणाला.

आवडाबाईंनी जीभ बाहेर काढली. ती गडद जांभळी झाली होती. त्यानं घाईनं तांब्या पुढं केला आणि आईला चूळ भरायला लावली.

“कसलं औषध म्हणावं हे? गोडबी नाय, कडूबी नाय.”

“डोळ्यांचं हाय. गपगुमान घ्यावं.”

“घेतेच की. पर ती कवाची दारात उभी हाय. तिलाबी दे थोडं.”

मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या घराच्या दारात कोणीच नव्हतं. बाहेर टळटळीत दुपार होती, गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. आणि आवडाबाईंना तर गेली दोन वर्षं उजेड आणि अंधार यापलीकडं काही दिसत नव्हतं.

“कोण उभी हाय?”

“साळू.”

बद्रीनाथनं वळून रिकाम्या दाराकडं पाहिलं. साळू त्याची धाकटी बहीण. सात वर्षांची असताना गावाकडं ओढ्याकाठच्या जांभळीवरून पडली आणि जागीच गेली. त्याला बेचाळीस वर्षं झाली होती.

त्यानंतर वर्षभरानं आवडाबाई गावच्या बायकांबरोबर काशीला गेल्या. काशीला जाऊन आलं की एखादं फळ जन्मभरासाठी सोडायचं असतं. बायका काही कच्च्या गुरूच्या चेल्या नसतात. एकीनं फणस सोडला, दुसरीनं सफरचंद, म्हणजे एरवीही जे कधी ताटात पडणार नाही तेच. आवडाबाईंनी मात्र जांभूळ सोडलं. त्याआधी हंगामात ओटीभर जांभळं खाणारी ही बाई, नंतर त्या झाडाच्या सावलीलासुद्धा थांबली नाही.

आणि तिचा हा दिवटा मुलगा गेले तीन आठवडे तिला चोरून काय चारत होता?

बद्रीनाथ चितेगावच्या एका कारखान्यात शीतगृह सांभाळायचा. फळांची भुकटी करणारा कारखाना. सव्वीस वर्षं बर्फात राहून त्याची बोटं कायमची गार पडली होती. या वर्षी तिथं कुठल्याशा थंड मुलखातून नवीनच फळाचे खोके आले. लांबुळकी, निळी, वर पांढरी साय धरलेली फळं. हनीबेरी. प्रयोगशाळेतल्या हिमांशूसरांनी एक फोडून दाखवलं तर आतून रंग थेट जांभळाचा.

“क जीवनसत्त्व संत्र्याच्या तोडीचं, कधी त्याहून जास्त,” सर म्हणाले होते. “पण खरा माल म्हणजे हा रंग, काका. अँथोसायनिन. रक्तवाहिन्यांना चांगलं, सूज कमी करतं, असं काही अभ्यास सांगतात. साखरही बेताची.”

“डोळ्यांचं काय, सर?”

“डोळ्यांनाही बरं म्हणतात, पण पुरावा तोकडा आहे. डब्यावर ते आपण छापणार नाही. आणि एक गंमत सांगू? या झुडपाच्या भावकीतली बरीच फळं विषारी असतात. ही तेवढी खायची.”

डॉक्टरांनी हात टेकल्यावर माणूस तोकड्या पुराव्यावरही विसंबतो. तपासून उरलेली फळं बद्रीनाथ सरांना विचारून घरी आणायचा आणि दह्यात कालवून आईला द्यायचा. हे काही जांभूळ नव्हे, तेव्हा आईचं व्रत मोडत नाही, असा हिशेब त्यानं मनाशी मांडला होता. या पळवाटेचं त्याला जरा कौतुकच वाटत होतं.

आता मात्र आईला दारात साळू दिसत होती. नजर गेली की मेंदू स्वतःच चित्रं दाखवतो, घाबरू नका, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तेच असणार, असं तो स्वतःला समजावत होता.

“तोंड माखलंय तिचं,” आवडाबाई दाराकडं तोंड करून म्हणाल्या. “म्हणती, शेंड्याची काळीभोर जांभळं पाहिजेत म्हणून दादानं वर चढवलं.”

बद्रीनाथ वाटी ठेवून आईजवळ बसला. हे त्यानं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. बापाला नाही, बायकोला नाही.

“माय, मीच चढवलं व्हतं तिला,” तो म्हणाला. “अन् हे औषध नाय. फळ हाय, परदेशातलं. जांभळासारखं. जांभूळ नाय पर.”

आवडाबाईंनी चाचपडत त्याचं मनगट धरलं.

“तू चढवलंस ते मला त्याच दिवशी कळलं व्हतं, बद्री. तू रडत आलास तवा तुझी मूठ शेंड्याच्या काळ्या जांभळांनी गच्च भरल्याली व्हती. रस गळत व्हता तिच्यातून. तुलाबी ठावं नव्हतं.”

“मग बोलली का नाय कधी?”

“काय बोलू? पोरगी तर गेली. काशीला मी जांभूळ सोडलं ते तुझ्यापायी. म्हणलं, गंगामाई, माझ्या लेकरावरचं पाप घे हे.” त्यांनी सुस्कारा टाकला. “आता तू चारलंस मला. तिला वाटलं, झाली मोकळीक. मी सोडलं तवापासून उपाशी हाय बाबा ती. तुझ्या हातानं दे, म्हंजी जाईल.”

डॉक्टर, मेंदू, चित्रं, सगळं बद्रीनाथला पाठ होतं. तरी तो उठला. उरलेली सगळी फळं त्यानं वाटीत काढली, उंबऱ्याशी गेला आणि वाटी त्या रिकाम्या, तापलेल्या हवेत पुढं धरली. आपल्याला हे कोणी पाहिलं तर काय म्हणेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

“खाली धर,” मागून आवडाबाई म्हणाल्या. “तिचा हात पुरत नाय.”

बद्रीनाथ उकिडवा बसला. त्यानं वाटी कमरेखाली आणली आणि दोन्ही हातांनी तशीच धरून ठेवली. “खा, साळे,” तो हळूच म्हणाला. थोड्या वेळानं वाटी हलकी लागायला लागली. हात बधिर झाले होते म्हणून असेल. त्यानं आत पाहिलं नाही.