दुखणं माझं, सल्ला सगळ्यांना

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या वाट्याला जिनाच येतो. लिफ्ट बंद पडल्याशिवाय त्याला कुणी बोलावत नाही, आणि बंद पडलेल्या लिफ्टनं वर जाणार कसं? हा विनोद मिस्त्री प्रत्येक इमारतीत एकदा तरी करत. लोक हसत, आणि मिस्त्री हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे निघत. तीस वर्षं हेच चाललं होतं. सात मजले चढून गेले तरी धाप लागायची नाही.

दीड वर्षापूर्वी त्यांच्या छातीत कळ आली, हृदयाच्या नळीत स्टेंट बसला, आणि घरी येताना पिशवीभर औषधं आली. त्यात एक छोटीशी पांढरी गोळी होती, कोलेस्टेरॉलची. "ही कायमची," डॉक्टर म्हणाले होते. मिस्त्रींची बायको रोज जेवण झालं की ती गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवायची.

चारेक महिन्यांनी मांड्या दुखू लागल्या. आधी वाटलं, जास्त चालणं झालं असेल. मग पोटऱ्या आखडू लागल्या. एके दिवशी एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मिस्त्री चक्क जिन्यात बसले. पाय उचलेचना! खालून भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या आजीबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, लिफ्ट लवकर चालू करा हो, तुमच्यासाठी तरी."

मिस्त्रींनी डॉक्टरांना सांगितलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी डॉक्टरांनी कागदावरून नजरही न उचलता म्हटलं, "वय झालं आता. थोडं दुखणारच." दुसऱ्या वेळी बाहेर पंचवीस माणसं ताटकळत होती आणि मिस्त्रींचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचा माणूस खुर्चीत बसला होता. तिसऱ्या वेळी मिस्त्री काही बोललेच नाहीत. "सगळं ठीक ना?" "ठीक." झालं!

ऐकणारा भेटला तो लिफ्ट कंपनीच्या कारखान्यात. तिथे मिस्त्रींचा एक जुना सोबती होता. जगातली प्रत्येक बातमी सगळ्यांच्या आधी याच्या फोनवर यायची, म्हणून सगळे त्याला वार्ताहर म्हणत. मिस्त्रींना मांडी चोळताना पाहून त्यानं फोन पुढे केला.

"हे वाच. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या म्हणजे निव्वळ विष. स्नायू खाऊन टाकतात. कोलेस्टेरॉल हा आजारच नाही, कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे!"

"कुणी लिहिलंय हे?"

"आता ते कोण बघतं? खाली लिहिलंय ना, दहा जणांना पाठवा."

मिस्त्रींनी त्याच दिवशी गोळी बंद केली. बायकोला मात्र पत्ता लागू दिला नाही. ती वळली की गोळी मुठीत आणि तोंड धुताना बेसिनच्या जाळीत. पाकीट वेळेवर रिकामं व्हायचं, ती वेळेवर नवं आणायची. आणि खरं सांगायचं तर तीन आठवड्यांत मिस्त्रींचे पाय मोकळे झाले. ते पुन्हा सात मजले चढले. गच्चीवर उभं राहून त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि मनाशी म्हटलं, बघा! डॉक्टरला नाही कळलं, ते मला कळलं!

माणसाला एखादी गोष्ट स्वतःच्या अंगावर पटली की तो गप्प बसत नाही. मिस्त्रीही बसले नाहीत. कारखान्यातल्या वेल्डरला सांगितलं, इमारतींच्या रखवालदारांना सांगितलं, लिफ्ट चालू झाल्यावर सोबत वर येणाऱ्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगितलं. आणि एका रविवारी मोठ्या बहिणीला फोन केला.

ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मिस्त्रींना भरवलं, शाळेत पोचवलं, वेळप्रसंगी दोन धपाटे घातले ते ताईनं. ताईनं पस्तीस वर्षं टेलिफोन केंद्रात काढली होती. तिचा आवाज इतका स्वच्छ की लोक चुकीचा नंबर लागला तरी दोन मिनिटं बोलत राहत. तिला मधुमेह होता आणि मानेतली एक रक्तवाहिनी थोडी अरुंद झाली होती. ती हीच गोळी आठ वर्षं घेत होती.

"ताई, तू ती कोलेस्टेरॉलची गोळी घेतेस ना? आजपासून बंद कर."

"का रे धाकट्या? मला तर काही त्रास नाही."

"आज नाही, उद्या होईल. मी भोगलंय ना! तुझ्या भावावर विश्वास नाही का?"

ताई हसली. "तुझ्यावर नाही ठेवणार तर कुणावर ठेवणार?"

या गोष्टीला पाच महिने झाले.

एका सकाळी ताईच्या नवऱ्याचा फोन आला. "लवकर रुग्णालयात ये. तुझी ताई चहा पिता पिता एका बाजूला कलली. तोंड वाकडं झालंय."

मिस्त्री आणि त्यांची बायको रुग्णालयात धावले. ताईला खाटेवर निजवलं होतं. उजवा हात चादरीवर निर्जीव पडला होता. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता. मिस्त्रींना पाहून तिनं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला आणि तिच्या तोंडून आला तो नुसता घोगरा, तुटका आवाज. हा ताईचा आवाज? हा?

ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई आल्या. "मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह अडला होता. तुम्ही वेळेवर आणलंत, म्हणून बरं. आता औषधं दाखवा. सगळी नियमित चालू होती ना?"

"अगदी घड्याळ लावून," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी घरून आणलेली पिशवी खाटेवर उलटी केली. मधुमेहाची अर्धी संपलेली पाकिटं. रक्तदाबाची अर्धी संपलेली पाकिटं. आणि त्यांच्यातून घसरत बाहेर आली ती कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पाकिटं. एक, दोन, पाच. सगळी भरलेली. एकही गोळी काढलेली नाही!

भाऊजींनी एक पाकीट उचलून पाहिलं. "हे... हे कसं? मी स्वतः आणून देत होतो!"

"ही गोळी कुणी बंद करायला सांगितली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मग ताईनं डावा हात उचलला. हळूच, मोठ्या कष्टानं. आणि तिचं बोट मिस्त्रींकडे वळलं.

तिच्या नजरेत राग नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं तिनं सरळ उत्तर दिलं होतं, जसं ती जन्मभर देत आली होती. "ध... धाक..." एवढंच तिच्या ओठांतून फुटलं.

भाऊजी मिस्त्रींकडे बघत होते. डॉक्टरीणबाई बघत होत्या. आणि बायको, जिनं दीड वर्ष न चुकता पेल्याशेजारी गोळी ठेवली होती, तिला एका क्षणात सगळा उलगडा झाला.

"म्हणजे तुम्हीसुद्धा?" तिनं विचारलं. "इतके महिने मी तुमच्यासमोर गोळी ठेवतेय... आणि तुम्ही?"

मिस्त्रींना तिच्याकडे मान वर करून बघवेना. ते तसेच बाहेर व्हरांड्यात आले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टर औषधांची गाडी ढकलत चालल्या होत्या. केस पिकलेल्या, बोलायला फटकळ, पण हात मऊ. त्यांनी आतला सगळा प्रकार ऐकला होता. त्यांनी गाडी थांबवली.

"माझ्यामुळे झालं हे," मिस्त्री म्हणाले. "सिस्टर, खरं सांगा. माझ्यामुळेच ना?"

"तेवढ्यामुळेच झालं असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मधुमेह आहे, वय आहे. पण ती गोळी असा झटका टाळायलाच दिलेली असते. ज्याला तिची गरज आहे त्यानं ती टाकली तर धोका वाढतो, हे मात्र नक्की."

मिस्त्री एकदम उसळले. "अहो, पण मी खोटं नव्हतो बोललो! माझे पाय खरंच दुखत होते. मी जिन्यात बसत होतो. डॉक्टरांना दोनदा सांगितलं. वय झालं म्हणाले! कुणी ऐकूनच घेतलं नाही, मग माणसानं करायचं काय?"

"दुखणं खरंच होतं तुमचं," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "या गोळीनं काही जणांचे स्नायू दुखतात. तुमच्या डॉक्टरांनी ते ऐकून घ्यायला हवं होतं. त्यांचं चुकलंच. तुम्ही ठासून सांगायला हवं होतं की मला जिना चढवत नाही, माझी तपासणी करा. तरी ऐकलं नाही तर दुसरा डॉक्टर गाठायचा. दुसरी गोळी असते, कमी डोस असतो, वेगळं औषध असतं. मार्ग एक नाही, चार आहेत. हे सोडून तुम्ही कुणाचं ऐकलंत? ज्याचं नावही ठाऊक नाही त्याचं!"

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"आणि आता एकच सांगा," सिस्टर वाकून म्हणाल्या. "तुमचे पाय दुखत होते. तुमच्या ताईंचं काय दुखत होतं?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. आठ वर्षं! आठ वर्षांत ताईनं एकदाही तक्रार केली नव्हती. फोनवर तिनं तसं सांगितलंही होतं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांच्याशी जे केलं, अगदी तेच त्यांनी ताईशी केलं होतं!

"काहीच नाही," ते पुटपुटले आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागले.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आपल्या डॉक्टरांकडे गेले. बायकोला सोबत घेऊन. बाहेर तशीच रांग होती, पण या वेळी मिस्त्री खुर्चीत घट्ट बसले.

"डॉक्टर, माझं पुरं ऐकून घेतल्याशिवाय मी उठणार नाही. मी पाच महिन्यांहून जास्त काळ गोळी घेतलेली नाही."

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. "काय? स्टेंट आहे तुमच्या छातीत! कळतंय का तुम्हाला काय केलंत ते?"

"आता कळतंय. पण गोळीनं माझे पाय जात होते, आणि ते मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. तिसरा मजला, बेसिनची जाळी, वार्ताहरचा फोन, ताईचं बोट. डॉक्टरांनी जुने कागद चाळले. दोन्ही तारखांना पाय दुखण्याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

"माझी चूक आहे," ते म्हणाले. "तेव्हाच तपासायला हवं होतं. आज तपासू."

रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं. मग डॉक्टरांनी वेगळी गोळी अगदी कमी डोसमध्ये सुरू केली आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. "दुखलं तर थांबू नका, फोन करा. अंगातली शक्ती गेल्यासारखं वाटलं किंवा लघवी गडद रंगाची झाली, तर त्याच दिवशी या. पण मला न विचारता बंद करायची नाही. कबूल?"

"कबूल. आणि तुम्ही ऐकून घ्यायचं. कबूल?"

डॉक्टर ओशाळं हसले. "कबूल."

नव्या गोळीवर पाय थोडे जड वाटत, पण जिना चढता येत होता. सहा आठवड्यांनी रक्तातलं कोलेस्टेरॉलही उतरलं. आता घरात गोळी लपवली जात नव्हती. बायको मात्र अजून ती गिळेपर्यंत समोर उभी राहायची, आणि मिस्त्री मुकाट्यानं जीभ बाहेर काढून दाखवायचे!

पण खरं काम पुढे होतं. ज्यांना ज्यांना सल्ला दिला होता, त्या सगळ्यांना मिस्त्री पुन्हा भेटले. लाज वाटत होती, तरी गेले. वेल्डरनं सांगितलं, "मी कुठे बंद केली? तू बोलतोस ते मी कधी मनावर घेतो?" एका रखवालदारानं मात्र खरोखरच बंद केली होती. मिस्त्री त्याला हाताला धरून त्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. लिफ्टमध्ये भेटलेली माणसं मात्र कुठे शोधायची? ती कोण होती, कुठल्या मजल्यावर उतरली, त्यांनी ऐकलं की नाही, हे मिस्त्रींना आजही ठाऊक नाही. त्याची टोचणी काही जात नाही. वार्ताहरनं सगळं ऐकलं आणि तो म्हणाला, "मी तर ते चाळीस जणांना पाठवलं होतं रे." त्या दुपारी दोघं शेजारी बसले आणि एकेकाला फोन लावू लागले.

ताई आता हळूहळू बोलते. वाचाउपचार करणारी मुलगी आठवड्यातून दोनदा येते, शब्दांचा कागद देऊन जाते. बाकीचे दिवस मिस्त्री कामावरून परस्पर ताईकडे जातात आणि कागद समोर धरतात. खिडकी. कपाट. पाऊल. ताई एकेक शब्द ओठांवर आणते, अडखळते, चिडते, पुन्हा म्हणते.

एके दिवशी मिस्त्रींना राहवलं नाही. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "ताई, मला माफ कर. मी तुझा आवाज घालवला."

ताईनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मी... पण... कुणाला... विचारलं... नाही."

झटका आल्यापासून ताईनं बोललेलं ते पहिलं पुरं वाक्य होतं.

वाचकहो, ते वाक्य आपल्या सगळ्यांसाठी आहे. औषधानं त्रास होऊ शकतो. तो सोसत बसू नका आणि लपवूही नका. ज्यानं औषध दिलं त्याला सांगा, तो ऐकेपर्यंत सांगा. आणि ज्यांच्या हाती लेखणी आणि रुग्णाचा कागद आहे, त्यांनी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं. पण आपल्या अंगाला जे लागलं, ते दुसऱ्याच्या गळी उतरवायला निघू नये. आणि जिवाभावाच्या माणसानं सांगितलं तरी जाणत्याला विचारल्याशिवाय आपलं औषध बंद करू नये. मिस्त्रींचे पाय पुन्हा चालू लागले. ताईचा तो स्वच्छ आवाज परत येईल की नाही, हे अजून कुणीच सांगू शकत नाही.